वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या वैद्यकीय तपासण्या आणि रुग्णाची चिंता : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : स्थूलता, जठर-शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियापूर्व तपासणी, चिंता, पात्रता, संमती

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्राने अतिस्थूलतेवर शस्त्रक्रियेचा उपाय शोधला. जठराचा आकार लहान करणे किंवा अन्नाचा आतड्यातील मार्ग बदलणे, हे या शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व होय. या शस्त्रक्रियेच्या तंत्राचा इतिहास वैद्यकीय ग्रंथांतून विस्ताराने लिहिला गेला आहे. तिच्या आधी रुग्णाला ज्या तपासण्यांच्या मालिकेतून जावे लागते, त्या मालिकेचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. रक्ताच्या चाचण्या, हृदयाचा आलेख, पोटाची सोनोग्राफी, जठराची दुर्बीण तपासणी, झोपेची तपासणी, मानसतज्ज्ञाची मुलाखत, आहारतज्ज्ञाची मुलाखत अशी ही मालिका असून ती पूर्ण होण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. या काळात रुग्णाच्या मनात निर्माण होणारी चिंता अनेकदा शस्त्रक्रियेच्या भीतीहून वेगळी असते. 'शस्त्रक्रियेत काय होईल' हा एक प्रश्न झाला. 'तपासणीत काय निघेल आणि ते निघाल्यावर शस्त्रक्रिया नाकारली जाईल काय' हा दुसरा. प्रस्तुत निबंधाचा संबंध या दुसऱ्या प्रश्नाशी आहे.

ही चिंता म्हणजे रुग्णाचे अज्ञान अथवा मनाचा दुबळेपणा, असे सामान्यतः समजले जाते. इतिहासाच्या आधारे पाहिले असता हे मत पुरेसे ठरत नाही. या तपासण्या एकाच वेळी, एकाच हेतूने अस्तित्वात आलेल्या नाहीत. काही तपासण्या रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी आल्या, काही रुग्ण 'योग्य' आहे की नाही हे ठरविण्यासाठी आल्या, तर काही खर्च कोणी द्यावा या वादातून आल्या. रुग्णाला मात्र त्या सर्व एकाच कागदावर, एकाच यादीत मिळतात. चिंतेचे मूळ शोधताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत निर्माण झाल्या याचा शोध घेणे.
२) या तपासण्यांमागील भिन्न हेतूंचे वर्गीकरण करणे.
३) शस्त्रक्रियापूर्व चिंतेविषयीच्या अभ्यासाची वाटचाल थोडक्यात मांडणे.
४) भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. १९५२ ते २०२४ हा कालखंड प्रामुख्याने विचारात घेतला आहे. शस्त्रक्रियेच्या तंत्राची चर्चा तपासण्यांच्या संदर्भात आवश्यक तेवढीच केली आहे.

१. पूर्वपीठिका : 'परीक्षा' आणि 'निंदित' या दोन संकल्पना

स्थूल शरीराची वैद्याने तपासणी करणे आणि स्थूल माणसाला समाजाने न्यायालयात उभे केल्यासारखे पाहणे, या दोन गोष्टी फार प्राचीन काळापासून एकमेकींना चिकटलेल्या आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिंदितीय' असे आहे. अतिउंच, अतिठेंगणा, अतिलोमश, केशहीन, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ प्रकारच्या व्यक्ती तेथे 'निंदित' म्हणून सांगितल्या आहेत. त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने केलेला असून, अतिस्थूलावर उपचार करणे अधिक अवघड असल्याचे प्रतिपादन आहे. त्याच संहितेच्या विमानस्थानात रुग्णाच्या दशविध परीक्षेचे विवेचन आढळते. तेथील परीक्षा ही रोग्याचे बल किती व तो किती उपचार सोसू शकेल हे जाणण्यासाठी आहे; रोग्याला उपचार नाकारण्याचे साधन म्हणून तिची मांडणी केलेली नाही.

मराठीत 'परीक्षा' हा शब्द पुढे विद्यार्थ्याच्या उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होण्याशी जोडला गेला. वैद्यकीय व्यवहारात 'तपासणी' हा शब्द रूढ झाला. तरीही शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेतील स्थूल रुग्णाच्या मनात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'रिपोर्ट नॉर्मल आला' याचा अर्थ 'पास झालो' आणि 'रिपोर्टमध्ये काहीतरी निघाले' याचा अर्थ 'नापास झालो' असा तो लावतो. ज्या व्यक्तीच्या देहाला वर्षानुवर्षे नातेवाईक, शेजारी व सहकारी यांच्याकडून शेरे मिळत आले आहेत, तिने वैद्यकीय अहवालाकडेही शेरा म्हणून पाहावे, हे स्वाभाविक आहे.

२. अपयशातून निर्माण झालेल्या तपासण्या (१९५२ ते १९८०)

स्वीडनमधील शल्यचिकित्सक व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ मध्ये स्थूलतेवरील उपाय म्हणून लहान आतड्याचा काही भाग काढून टाकल्याची नोंद आढळते. १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील आर्नोल्ड क्रेमेन, जॉन लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्याच्या वरच्या व खालच्या भागांचे पोषणातील महत्त्व तपासणारे प्रयोग कुत्र्यांवर केले. आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेल्यास शोषण कमी होते व वजन उतरते, हे त्यातून पुढे आलेले सूत्र होते. १९६३ मध्ये पेन, डिविंड व कॉमन्स यांनी लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. तीव्र अतिसार व क्षारांचे असंतुलन यांमुळे ती पद्धती सोडून द्यावी लागली. आतडे पुन्हा पूर्ववत जोडल्यावर वजनही परतले. १९६९ मध्ये पेन व डिविंड यांनी लहान आतड्याच्या वरच्या भागाचे १४ इंच शेवटच्या भागातील ४ इंचांना जोडण्याची पद्धती मांडली. ती अमेरिकेत झपाट्याने लोकप्रिय झाली.

या शस्त्रक्रियेने वजन निश्चितच उतरत होते. परंतु त्याची किंमत काही वर्षांनी दिसू लागली. यकृताचा ऱ्हास, मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची कमतरता, हाडांची झीज आणि काही रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू, असे हे परिणाम होते. अनेक रुग्णांना दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पूर्ववत जोडून घ्यावे लागले. १९८० च्या सुमारास ही पद्धती मागे पडली.

तपासण्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने हा कालखंड निर्णायक मानावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी यकृताची कार्यक्षमता, मूत्रपिंडाचे कार्य, लोह, ब-१२ व ड जीवनसत्त्व यांची पातळी तपासण्याचा आग्रह ज्या अनुभवावर उभा आहे, तो याच रुग्णांचा आहे. आज रुग्णाच्या दंडातून रक्ताच्या चार-पाच कुप्या भरल्या जातात, त्यामागे पूर्वीच्या पिढीतील रुग्णांनी सोसलेले दुष्परिणाम आहेत. ही बाब रुग्णाला क्वचितच सांगितली जाते.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी वेगळा मार्ग स्वीकारला. जठरव्रणासाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन घटते, या निरीक्षणावरून त्यांनी जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची पद्धती योजली व १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. या पद्धतीत जठराचा उरलेला मोठा भाग शरीरातच राहतो. परंतु अन्नाचा मार्ग त्यातून जात नसल्याने नेहमीची दुर्बीण तेथपर्यंत सहज पोहोचू शकत नाही. पुढे त्या भागात व्रण किंवा कर्करोग झाल्यास तो पाहणे कठीण होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी जठर आतून पाहून घ्यावे हा विचार पुढे आला आणि जठराच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जपानसारख्या देशात त्याला विशेष महत्त्व प्राप्त झाले. दुर्बीण तपासणीची भीती बाळगणाऱ्या रुग्णाला हे एक कारण समजले तर त्या तपासणीचा अर्थच बदलतो.

३. यंत्रांचा विकास आणि तपासण्यांची वाढ

तपासण्यांची यादी लांबण्यास वैद्यकीय गरजेप्रमाणेच यंत्रांची उपलब्धताही कारणीभूत झाली. १९५७ मध्ये लिओनार्ड स्केग्ज यांनी रक्ताचे स्वयंचलित विश्लेषण करणाऱ्या यंत्राची पद्धती प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या दशकात एकाच नमुन्यावर अनेक चाचण्या करणारी यंत्रे रुग्णालयांत आली. परिणामी 'आवश्यक चाचणी' या कल्पनेची जागा 'संपूर्ण प्रोफाइल' या कल्पनेने घेतली. चाचण्या जितक्या अधिक, तितकी एखादा आकडा ठरीव मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता अधिक, हे संख्याशास्त्राचे साधे तत्त्व आहे. पूर्णतः निरोगी व्यक्तीच्या अहवालातही एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो, त्याचे कारण हेच. रुग्ण मात्र तो ठळक आकडा घरी नेतो आणि रात्रभर जागा राहतो.

१९८५ मध्ये कॅप्लान व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियापूर्व प्रयोगशाळा चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेमक्या वैद्यकीय कारणासाठीच चाचण्या सांगितल्या असत्या तर सरसकट केलेल्या चाचण्यांपैकी सुमारे ६० टक्के झाल्याच नसत्या आणि उपचारात बदल घडवू शकेल असा दोष केवळ ०.२२ टक्के चाचण्यांत आढळला, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००० मध्ये मोतीबिंदूच्या १९ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासातही सरसकट तपासण्यांनी गुंतागुंत कमी होत नसल्याचे दिसून आले. हे निष्कर्ष अतिस्थूल रुग्णांच्या मोठ्या शस्त्रक्रियेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण या रुग्णांत मधुमेह, हृदयविकार व श्वसनाचे विकार यांचे प्रमाण अधिक असते. तथापि प्रत्येक चाचणीचे कारण सांगता आले पाहिजे, हे तत्त्व त्यांतून प्रस्थापित झाले.

जठराच्या दुर्बिणीचा इतिहास भीतीच्या संदर्भात बोलका आहे. जर्मनीतील अडॉल्फ कुसमाऊल यांनी १८६८ मध्ये जठरात ताठ नळी घालण्याचा प्रयोग केला, तो तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या व्यक्तीवर. सामान्य रुग्णाला अशी नळी सहन होणे अवघड होते. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठातील बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशातून उतरवून पाहिली व त्यानंतर रुग्णावर वापरली. तपासणी करणाऱ्याने ती आधी स्वतः सोसण्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात लक्षणीय आहे. १९८० च्या दशकात जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा शोध लागला. त्यासाठी मार्शल व वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर या जिवाणूची तपासणीही अनेक केंद्रांच्या यादीत समाविष्ट झाली. मात्र प्रत्येक रुग्णाची दुर्बीण तपासणी करावी की लक्षणे असलेल्यांचीच, याबाबत तज्ज्ञांत एकमत झालेले नाही. एका केंद्रात अनिवार्य असलेली तपासणी दुसऱ्या केंद्रात सांगितलीच जात नाही, हे कळल्यावर रुग्णाचा गोंधळ वाढतो.

झोपेच्या तपासणीची कथा याहून वेगळी आहे. १९५६ मध्ये बर्वेल व सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल व्यावसायिकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पत्त्यांच्या डावात हाती अत्यंत उत्तम पाने असतानाही त्याला झोप लागली आणि डाव हातचा गेला. चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीतील सदैव पेंगणाऱ्या स्थूल मुलावरून या विकाराला 'पिकविकियन' हे नाव देण्यात आले. विनोदी पात्राचे नाव एका गंभीर विकाराला मिळावे, यातही स्थूल देहाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी दिसते. पुढे झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराचे स्वतंत्र आकलन झाले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात ४,७७६ रुग्णांपैकी ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आढळले. रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास व हालचालींवरील मर्यादा यांबरोबर झोपेतील श्वासविकार हाही गंभीर गुंतागुंतीशी निगडित घटक असल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे अंगाला तारा लावून झोपण्याची ही अवघडलेली रात्र भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने रुग्णाच्या हिताची असते. तीत दोष आढळला तरी शस्त्रक्रिया नाकारली जाते असे नाही. बहुधा आधी उपचार सुरू करून मग शस्त्रक्रिया केली जाते.

साधनांच्या मापाचा प्रश्नही दुर्लक्षिता येत नाही. रिवा-रोची यांच्या १८९६ च्या रक्तदाबमापकाचा पट्टा अरुंद होता. अरुंद पट्ट्याने रक्तदाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो, हे लक्षात आल्यावर १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. शतक उलटूनही मोठ्या दंडावर लहान पट्टा बांधण्याची चूक घडतेच. वजनकाट्याची मर्यादा ओलांडली जाणे, सिटी स्कॅनच्या टेबलाची वजनमर्यादा आड येणे, शीर न सापडल्याने सुई पुनःपुन्हा टोचली जाणे, अंगात न येणारा रुग्णालयाचा झगा इत्यादी प्रसंगांत दोष साधनाचा असतो; परंतु लाज रुग्णाच्या वाट्याला येते. तपासणीच्या चिंतेत या अपेक्षित अपमानाचा वाटा मोठा आहे.

४. पात्रतेची रेषा : १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे

मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या शस्त्रक्रियेसंबंधी मतैक्य परिषद भरविली. देहभार निर्देशांक ४० हून अधिक, अथवा ३५ ते ४० व त्याबरोबर गंभीर सहविकार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा आणि रुग्णाचे मूल्यमापन वैद्यक, शल्य, मानसोपचार व पोषण या क्षेत्रांतील तज्ज्ञांच्या गटाने करावे, अशी शिफारस तिने केली. पुढील तीन दशके जगभरच्या व्यवहारावर या दोन आकड्यांचा प्रभाव राहिला.

हा निर्देशांक मुळात व्यक्तीचा वैद्यकीय निवाडा करण्यासाठी निर्माण झालेला नव्हता. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात लोकसमूहातील 'सरासरी मनुष्या'चा अभ्यास करताना वजन व उंचीचा वर्ग यांचे गुणोत्तर मांडले. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. समूहाच्या वर्णनासाठी योजलेले माप व्यक्तीचे द्वार उघडणारे किंवा बंद करणारे माप ठरले. त्यामुळे तपासणीच्या दिवशी काट्यावर वजन अधिक भरले तर लाज आणि कमी भरले तर अपात्र ठरण्याची धास्ती, अशी विलक्षण कोंडी निर्माण झाली.

मानसिक मूल्यमापनाबाबत ही कोंडी अधिक तीव्र होते. विसाव्या शतकाच्या मध्यात स्थूलता हे दडपलेल्या मानसिक संघर्षाचे लक्षण मानण्याचा प्रवाह प्रबळ होता. त्या विचाराचा प्रभाव पुढे ओसरला; परंतु मानसतज्ज्ञाची मुलाखत कायम राहिली. अमेरिकेतील या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००४ मध्ये अशा मूल्यमापनासाठी सूचना प्रसिद्ध केल्या. अनियंत्रित खाणे, नैराश्य, व्यसन यांची माहिती घेऊन रुग्णाला आधार देणे, हा त्यामागील योग्य हेतू होय. मात्र मुलाखतीच्या निकालावर शस्त्रक्रिया अवलंबून आहे असे वाटल्यास रुग्ण आपले दुःख लपवितो. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे तोच 'मी अगदी आनंदी आहे' असे सांगतो. येथे चिंता तपासणीचा हेतूच निष्फळ करते.

२०२२ मध्ये अमेरिकेतील व आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्तपणे नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सहविकार असोत वा नसोत, निर्देशांक ३५ असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस करण्यात आली. आशियाई लोकसमूहासाठी २७.५ ही मर्यादा सुचविण्यात आली. म्हणजे १९९१ ची जी रेषा हजारो रुग्णांनी अटळ मानली, ती तीस वर्षांत सरकली.

५. खर्चाचा वाद आणि प्रतीक्षेचा काळ

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र १९९३-९४ मध्ये आल्यानंतर अमेरिकेत या शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने वाढली. १९९८ मधील १३,३६५ ही संख्या २००२ मध्ये ७२,१७७ पर्यंत पोहोचली. संख्येबरोबर धोक्याची चर्चाही वाढली. अमेरिकेच्या शासकीय विमा योजनेतील रुग्णांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण २ टक्के आढळले. हे रुग्ण बहुधा वयस्क अथवा अपंगत्व असलेले होते. तथापि या आकड्याने खळबळ उडाली आणि तपासण्या अधिक कडक झाल्या.

याच काळात अनेक खासगी विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने देखरेखीखाली आहारनियमन केल्याचा पुरावा मागण्यास सुरुवात केली. या अटीला वैज्ञानिक आधार नाही व तिच्यामुळे उपचारास विलंब होतो, अशी भूमिका अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०११ व २०१६ मध्ये घेतली. शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून अल्प उष्मांकाचा आहार देणे, ही यापासून पूर्णतः भिन्न व सुरक्षिततेसाठीची बाब आहे. बाहेरून पाहता दोन्ही 'पथ्ये'च आहेत. एक शल्यचिकित्सकाला जागा मिळावी म्हणून, दुसरे विमा कंपनीचे समाधान व्हावे म्हणून. रुग्णाला हा भेद न कळल्यास दोन्हींबद्दल सारखाच अविश्वास निर्माण होतो.

६. शस्त्रक्रियापूर्व चिंतेच्या अभ्यासाची वाटचाल

रुग्णाच्या चिंतेकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी केला. १९५८ च्या ग्रंथात त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी मध्यम प्रमाणात वाटणारी भीती उपयुक्त असते, कारण ती मनाची पूर्वतयारी करून घेते, असे मत मांडले. त्यांनी सुचविलेले भीती व सुधारणा यांचे नेमके नाते पुढील अभ्यासांत टिकले नाही. परंतु चिंता हे एक प्रकारचे मनाचे काम आहे, ही कल्पना टिकली.

भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट यांचे कार्य अधिक व्यावहारिक ठरले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांचा समावेश होता. एका गटाला वेदना कोठे होईल, किती काळ राहील व स्नायू कसे सैल सोडावेत हे भूलतज्ज्ञाने समजावून सांगितले. या गटाला शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक मादक औषधे सुमारे निम्मीच लागली आणि त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी पाठविण्यात आले. घरी केव्हा पाठवायचे हे ठरविणाऱ्या शल्यचिकित्सकांना कोणता रुग्ण कोणत्या गटातील आहे याची कल्पना नव्हती. काही मिनिटांच्या संभाषणाचा एवढा परिणाम मोजून दाखविणारा हा अभ्यास आजही महत्त्वाचा मानला जातो.

१९७० मध्ये स्पीलबर्गर यांनी प्रसंगजन्य चिंता व स्वभावगत चिंता यांत भेद करणारी मापनश्रेणी प्रसिद्ध केली. या भेदाने एक गोष्ट स्पष्ट झाली. तपासणीच्या खोलीबाहेर हात थरथरणारी व्यक्ती स्वभावतः चिंताग्रस्त असेलच असे नाही. प्रसंग बदलला, माहिती मिळाली, तर तिची चिंता ओसरू शकते. या साऱ्या अभ्यासांत शस्त्रक्रियेची चिंता केंद्रस्थानी होती. तपासणीच्या निकालाची व नाकारले जाण्याची चिंता स्वतंत्रपणे ओळखली जाण्यास पुढे बराच काळ लागला.

७. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतीय देहाला युरोपीय मापे लागू पडत नाहीत, या जाणिवेला पुण्याच्या संशोधनाने मोठे बळ दिले. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३ असताना युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या मतैक्य निवेदनात शस्त्रक्रियेसाठी सहविकार असल्यास ३२.५ व नसल्यास ३७.५ ही मर्यादा सुचविण्यात आली. याउलट विमा नियामक प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्यविम्यासाठी ४०, अथवा विशिष्ट गंभीर सहविकारांसह ३५ हीच मर्यादा आढळते. म्हणजे शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने पात्र असलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो. त्याच्या अहवालातील प्रत्येक आकडा दोन वेगवेगळ्या दारांवर तपासला जातो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या चिंतेत या दुहेरी निकालाचा भाग लहान नाही.

आपल्याकडे तपासणीला रुग्ण सहसा एकटा जात नाही. सोबत पती, पत्नी, आई किंवा भाऊ असतो. अहवालाचे पाकीट अनेकदा रुग्णाच्या आधी नातेवाईक उघडतात. 'एवढे सगळे निघाले आहे, आता कशाला जोखीम' असा निर्णय घरात होतो आणि रुग्ण गप्प बसतो. शस्त्रक्रियेपूर्वी एच.आय.व्ही. व कावीळ-ब या चाचण्याही केल्या जातात. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध कायद्याने या चाचणीसाठी माहितीपूर्वक संमती व निकालाची गोपनीयता आवश्यक ठरविली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ च्या एका निर्णयात निदानासाठी दिलेली संमती ही उपचारात्मक शस्त्रक्रियेची संमती मानता येणार नाही, हे तत्त्व स्पष्ट केले. तपासणीला होकार देणे म्हणजे शस्त्रक्रियेला बांधून घेणे नव्हे, हे या निर्णयातून रुग्णाला मिळालेले आश्वासन आहे. प्रत्यक्षात किती रुग्णांना ते ठाऊक असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

अलीकडे वजन घटविणारी नवी इंजेक्शने उपलब्ध झाल्याने यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. त्यामुळे भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका लक्षात घेऊन अमेरिकेतील भूलतज्ज्ञ संघटनेने जून २०२३ मध्ये ती शस्त्रक्रियेपूर्वी थांबविण्याची सूचना केली. २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून बहुतेक रुग्णांना ती चालू ठेवता येतील, निर्णय व्यक्तिनिहाय घ्यावा, असे सांगितले. म्हणजे तपासण्या व पूर्वतयारीची ही यादी आजही इतिहासाप्रमाणेच बदलती आहे.

निष्कर्ष

१) वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या तीन भिन्न प्रवाहांतून आल्या आहेत : पूर्वीच्या शस्त्रक्रियांच्या अपयशातून आलेल्या सुरक्षिततेच्या तपासण्या, १९९१ नंतर दृढ झालेल्या पात्रतेच्या तपासण्या आणि विमा व खर्चाच्या वादातून आलेल्या अटी.

२) रुग्णाची चिंता या तीन प्रवाहांच्या सरमिसळीतून वाढते. कोणती तपासणी आपल्या रक्षणासाठी आहे आणि कोणती आपली निवड करण्यासाठी आहे, हे त्याला समजत नाही. अशा स्थितीत प्रत्येक तपासणीला 'परीक्षा' समजणे हे तर्काला धरूनच आहे.

३) पात्रतेच्या मर्यादा काळानुसार व देशानुसार बदलल्या आहेत. एखाद्या वर्षीच्या आकड्यावरून मिळालेला नकार हा व्यक्तीच्या योग्यतेवरील अंतिम निवाडा मानता येत नाही.

४) १९६४ च्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे चिंता कमी करण्याचे साधन महागडे नाही. तपासण्यांच्या यादीत प्रत्येक तपासणीसमोर ती कशासाठी आहे, दोष आढळल्यास पुढे काय केले जाईल आणि तिचा निकाल कोणाला कळविला जाईल, या तीन गोष्टी रुग्णाच्या भाषेत लिहिल्यास बराच भार हलका होऊ शकेल. महाराष्ट्रातील रुग्णालयांत ही माहिती मराठीत देणे सहज शक्य आहे.

५) मोठ्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा, पुरेशा क्षमतेचा वजनकाटा, अंगात येणारा झगा आणि पडद्याआड घेतलेले वजन या साध्या सोयींनाही उपचाराचाच भाग मानले पाहिजे.

तपासणीच्या भीतीने अनेक रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मागे फिरतात. त्यांपैकी काहींचा निर्णय विचारपूर्वक असतो आणि त्याचा आदर व्हावयास हवा. परंतु झोपेत श्वास अडखळतो किंवा मधुमेह हाताबाहेर गेला आहे, हे ज्यांना केवळ या तपासण्यांमुळे कळू शकले असते, ते मागे फिरल्यास शस्त्रक्रियेबरोबर निदानही गमावतात. आयुर्वेदाने सांगितलेली परीक्षा रोग्याचे बल जाणण्यासाठी होती. आधुनिक रुग्णालयातील तपासणीलाही तोच हेतू प्राप्त करून देणे, ही वैद्यकाची, विमाव्यवस्थेची आणि समाजाची एकत्रित जबाबदारी आहे.